लोखंड फोडणारे पाणी

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात हजारो लहानमोठी तळी आहेत. मॅडिसन शहरालगतच्या मेंडोटा तळ्यावर बर्फ कधी धरला आणि कधी वितळला, याच्या नोंदी १८५०च्या दशकापासून ठेवल्या गेल्या आहेत. तळे गोठण्यापूर्वी लोक मोटरबोटी पाण्याबाहेर काढतात. त्या वेळी इंजिनाचीही हिवाळ्यासाठी तयारी करावी लागते. ती नीट झाली नाही, तर वसंत ऋतूत इंजिनाच्या ओतीव लोखंडाच्या ठोकळ्याला चीर गेलेली आढळते. बोटीला धक्का लागलेला नसतो, इंजिन चाललेलेही नसते. मग हे लोखंड फोडले कोणी?

पाण्याचे असंगत आचरण आपण वर्गात शिकवतो. थंडीत तळ्याच्या पृष्ठभागावर बर्फ तरंगतो आणि त्याखालच्या पाण्यात मासे जगतात, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. बर्फ तरंगतो, कारण गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बंद जागेत मात्र हीच वाढ घातक ठरते. फ्लॉरेन्सच्या 'आकादेमिया देल चिमेंतो' या संस्थेतील प्रयोगकर्त्यांनी सतराव्या शतकातच धातूच्या बंद भांड्यांत पाणी गोठवून ती फोडून दाखवली होती. पुढे १७८४-८५ मध्ये कॅनडातील क्वेबेक येथे मेजर एडवर्ड विल्यम्स या तोफखान्यातील अधिकाऱ्याने पोकळ लोखंडी गोळ्यांत पाणी भरले, तोंडाशी बुचे घट्ट ठोकली आणि गोळे कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवले. बुचे कित्येक फूट दूर उडाली. जिथे बूच हलले नाही, तिथे गोळाच फुटला. ओतीव लोखंड दाबाला दणकट असते, पण ताणाला कमजोर. आतून फुगणारा बर्फ त्याला नेमका ताणच देतो.

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १८८६ साली, डाइमलर आणि मायबाख यांनी जर्मनीतील नेकार नदीवर पेट्रोल इंजिनाची बोट चालवून पाहिली. १९०९ साली विस्कॉन्सिनमधील मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड यांनी बोटीच्या मागे टांगायचे सुटसुटीत इंजिन बाजारात आणले आणि मोटरबोट सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. बोटीभोवती थंड पाणी भरपूर असते. म्हणून अनेक बोटींत रेडिएटर नसतो. पंप तळ्याचेच पाणी ओढतो, सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरवतो आणि बाहेर टाकतो. मागे टांगलेले इंजिन उभे ठेवले की त्यातले पाणी बहुधा आपोआप गळून जाते. बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाचे तसे नसते. त्याच्या खोलगट जागांत पाणी साचून राहते आणि ते तळाची बुचे उघडून काढावे लागते.

दुसरा उपाय म्हणजे पाण्याचा गोठणबिंदू खाली आणणे. सुरुवातीला मोटारगाड्यांत मिठासारखे क्षार वापरून पाहिले गेले, पण त्यांनी धातू गंजत असे. मेथिल अल्कोहोल चालले, पण ते सुमारे ६५ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे तापलेल्या इंजिनातून उडून जाई. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांनी १८५६ साली एथिलीन ग्लायकॉल तयार केले होते. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते अमेरिकेत इंजिनांसाठी विकले जाऊ लागले. ते १९७ अंशांना उकळते. त्याची गंमत अशी, की शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठते आणि पाणी शून्याला, पण दोन्हींचे निम्मेनिम्मे मिश्रण उणे ३६-३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मात्र ते चवीला गोड आणि विषारी आहे. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल बनून मूत्रपिंडे निकामी होतात. बोटीच्या इंजिनात भरलेले द्रव वसंतात तळ्यातच सांडण्याची शक्यता असते. म्हणून तेथे आता कमी विषारी असे प्रोपिलीन ग्लायकॉल वापरण्याचा सल्ला देतात.

एवढे उपाय असूनही इंजिने फुटतात, आणि त्यांत उन्हाळ्यात जास्त तापणारी इंजिने सांभाळणे विशेष अवघड. याचे कारण समजण्यासारखे आहे. इंजिन तापते, कारण वाळू, गंज किंवा क्षारांचे थर यांमुळे पाण्याचा एखादा मार्ग अरुंद झालेला असतो किंवा पंपाच्या रबरी चाकाची पाती तुटून पुढे अडकलेली असतात. शरद ऋतूत तोच मार्ग निचऱ्याच्याही आड येतो. बूच काढल्यावर चार थेंब पडतात आणि थांबतात. मालकाला वाटते, इंजिन रिकामे झाले. प्रत्यक्षात भोकाशी गाळ बसलेला असतो आणि वर पाणी तसेच असते. गोठणरोधक मिश्रण आत ओढून घ्यावे, तर इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो; त्यामुळे अनेक इंजिनांत ते मिश्रण ठोकळ्यात पुरेसे न शिरताच बाहेर पडते. नळीतून गुलाबी द्रव बाहेर येताना दिसले, तरी ते सगळीकडे पोचले असे सिद्ध होत नाही. म्हणून जाणता मेकॅनिक बुचाच्या भोकात तार घालून गाळ मोकळा करतो, पाणी पुन्हा वाहते का ते पाहतो, आणि तापण्याचा दोष वसंतावर न ढकलता आधी दूर करतो.

हा मुद्दा वर्गात सहज दाखवता येईल. दोन सारख्या डब्यांच्या तळाशी खिळ्याने भोक पाडा. एका डब्यात भोकावर आतून ओल्या चिकणमातीचा गोळा दाबा. दोन्ही भोके बाहेरून बोटाने बंद करून डबे अर्धे भरा, झाकणे लावा आणि बोटे काढा. एक डबा वाहून रिकामा होईल. दुसऱ्यातून जेमतेम थेंब येतील. धार थांबल्यावर, ही तयारी न पाहिलेल्या विद्यार्थ्यांना बोलावून विचारा, कोणत्या डब्यात पाणी आहे? उत्तरे फळ्यावर लिहा, आणि मगच डबे हातात घेऊन पाहू द्या.