पंचवीस पाने

सुटीचे दिवस आले म्हणजे आजी-आजोबा, मुलगे-सुना, लेकी-जावई आणि नातवंडे असा पंचवीस माणसांचा परिवार मिळून प्रवासाला निघतो. वाटेवरच्या खाणावळीला आदल्या दिवशी दूरध्वनीने कळविले जाते : उद्या दुपारी एक वाजता पंचवीस पाने, तिघांना कांदा-लसूण वर्ज्य, दोघांना तिखट बेताचे. पलीकडून एवढेच विचारले जाते की, त्यांत मुलांची पाने किती? दोन मिनिटांत सारी व्यवस्था होते. परंतु या दोन मिनिटांमागे मोठा इतिहास आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशाच प्रसंगी आणखी तीन प्रश्न उभे राहत : रांधणार कोण, पाणी कोणाच्या हातचे आणि पंक्तीला शेजारी कोण?

आगगाडी येण्यापूर्वी सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांपुरते या प्रश्नांना एकच उत्तर होते. स्वयंपाकघर बरोबर न्यावयाचे. बैलगाड्यांतून तांदूळ, डाळ, पीठ, तूप आणि तपेली जात. मुक्कामाला नदीचा काठ किंवा विहीर पाहून तीन दगडांची चूल मांडली जाई. वाटेत खाण्यासाठी दशम्या असत. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजविले की त्या प्रवासात चालतात, असा समज होता. दानधर्मही याच रीतीने चाले. शिजविलेल्या अन्नाला विटाळ होई, कोरड्या शिध्याला होत नसे. म्हणून वाटसरूला पुष्कळदा शिधाच दिला जाई. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) इंदूर राज्याच्या सीमेपलीकडेही ठिकठिकाणी धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे उभारली. त्यांचे मोल जाणावयाचे तर ऊन-पावसात उघड्यावर चूल पेटविणाऱ्या कुटुंबाची कल्पना करावी.

मोठ्या परिवाराच्या भोजनाची आगाऊ व्यवस्था पहिल्याने रुळली ती तीर्थक्षेत्रांत. नाशिक-त्र्यंबकास यजमान आला की उपाध्ये आपल्या वहीतून त्याच्या वाडवडिलांची नावे वाचून दाखवीत, उतरावयास जागा देत आणि विचारीत, पाने किती? गोमंतकातील अग्रशाळांची हकीकत याहून हृदयस्पर्शी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मच्छळामुळे कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते नदीपलीकडे अंत्रुज महालात नेण्यात आली. भक्तही दूरदूर पांगले. पुढे बेळगाव, कारवार, मुंबई येथून हीच कुटुंबे लेकरांसह कुलदैवताच्या दर्शनाला येऊ लागली, तेव्हा देवालयाच्या आवारातील अग्रशाळा हेच त्यांचे माहेरघर झाले. मात्र उपाध्यांचे घर काय किंवा अग्रशाळा काय, तेथील पंगत आपल्याआपल्यांतलीच होती. तीन प्रश्न तेथे सुटले नव्हते. ते दाराबाहेर ठेवलेले होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला झाला. गाडी कोणाच्या सोवळ्यासाठी थांबेना. एका बाकावर नाना जातींची माणसे बसू लागली. तरीही स्थानकावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे राहिले. माणसे शेजारी बसली, परंतु तांब्या ज्याचा त्याचाच राहिला.

या व्यवस्थेची खरी किंमत कोणी मोजली, हे १९०१ सालच्या एका प्रवासावरून कळते. सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे नोकरीस असलेल्या रामजी आंबेडकरांनी उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना आपल्याकडे बोलाविले होते. बाल भीमराव, त्यांचे वडील बंधू आणि दोन भाचे नवे कपडे लेवून आनंदाने निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांची जात कळली आणि गाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला. मुलांनी गाडी हाकावी, तो पायी चालणार. बरोबर डब्यात खाणे भरपूर होते, परंतु प्यावयास पाणी कोणी देईना. रात्री नाक्यावर ती मुले अन्न जवळ असूनही उपाशी झोपली. डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात ही हकीकत सांगितली आहे. १९१७ साली बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी ते आले, तेव्हाही हिंदू हॉटेलात थारा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. ते एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांत आणि हॉटेलांत जातीच्या वा धर्माच्या कारणावरून मज्जाव करण्यास बंदी केली. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने अस्पृश्यतेच्या नावाखाली होणारा असा मज्जाव दंडनीय ठरविला. कायद्याने सर्वांची मने पालटली असे नव्हे. पण जात विचारून माणसाला दारातून परत पाठविण्याचा अधिकार खाणावळवाल्याकडे उरला नाही. ज्या प्रश्नापायी चार मुले उपाशी झोपली, तो निदान कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्याच्या सदरात गेला.

आणखी एक बदल मुकाट्याने घडला. स्वयंपाकघर बरोबर नेण्याच्या काळात मुक्कामाला पोहोचताच पुरुष मंडळी देवदर्शनाला जात आणि घरच्या सुना ओली लाकडे फुंकीत बसत. पुरुषांची पंगत उठे, मुलांची उठे आणि मग उरलेसुरले घेऊन त्या जेवत. काशी-रामेश्वर पाहून आलेल्या कितीएक स्त्रियांनी वाटेत पाहिली ती मुख्यतः चूलच. शहरांत खाणावळी निघाल्या, तरी आरंभी त्या बहुतांशी एकट्या राहणाऱ्या पुरुषांसाठी होत्या. घरच्या बायकांनी बाहेर जेवावे, हे रूढ होण्यास बराच काळ जावा लागला; ‘कुटुंबासाठी स्वतंत्र खोली’ ही पाटी त्या संकोचाचीच खूण होती.

आज सांगितलेल्या पंचवीस पानांत सुनेचेही पान असते, आणि ते पहिल्याच पंक्तीत मांडलेले असते.