गंगेवरचा आळ आणि बंगळूरचे उत्तर

१९८६ च्या अखेरीस ब्रिटनमधील गाईंमध्ये एक अनोळखी रोग आढळला. जनावर बिथरे, त्याचे पाय लटपटत आणि मृत्यूनंतर तपासलेला मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र दिसे. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांचे पीठ गाईंच्या खाद्यात मिसळले जाई, त्यातून हा रोग फैलावला. १९९६ मध्ये तो माणसांपर्यंत पोहोचल्याची दाट शक्यता ब्रिटिश सरकारला मान्य करावी लागली.

रोगाच्या मुळाशी होते प्रिऑन, म्हणजे घडी चुकलेले प्रथिन. ते निरोगी प्रथिनांचीही घडी बिघडवते आणि साध्या उकळण्याने नष्ट होत नाही. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये त्याला हे नाव दिले; १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र पहिल्या गाईला हा रोग कोठून झाला, हा प्रश्न उरलाच. सप्टेंबर २००५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये ॲलन व नॅन्सी कोल्चेस्टर यांनी एक गृहीतक मांडले. १९६०-७० च्या दशकांत ब्रिटनने भारतीय उपखंडातून हाडे व हाडांचा चुरा मोठ्या प्रमाणावर आयात केला होता. नदीत सोडलेल्या अर्धवट जळालेल्या प्रेतांची हाडे त्यात मिसळली असावीत आणि त्यांत क्रॉइट्झफेल्ट-याकोब या प्रिऑनजन्य मेंदूविकाराने दगावलेल्यांचे अवशेष असावेत, असा त्यांचा तर्क होता.

आरोप थेट गंगाकाठच्या अंत्यसंस्कारांशी भिडणारा होता. त्याच अंकात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील एस. के. शंकर आणि पी. सतीशचंद्र यांनी उत्तर दिले. त्यात संतापाचा सूर नव्हता. पुरावा तोकडा आहे, धर्म आणि संस्कृतीला स्पर्श करणाऱ्या विषयात सावधपणे पावले टाकावीत आणि तथ्ये काळजीपूर्वक गोळा करावीत, असे त्यांचे म्हणणे होते. हे बोलण्याचा अधिकार त्यांनी कामातून मिळवला होता: १९७१ ते १९९० या काळातील भारतीय रुग्णांचा आढावा याच दोघांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला होता.

ते गृहीतक आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही भारताला निश्चिंत राहता येत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांमध्ये स्क्रेपी हा प्रिऑनजन्य रोग आढळल्याची नोंद १९६१ मध्येच झाली होती. माणसांत हा विकार जगभर दर दहा लाखांमागे वर्षाला एक-दोघांनाच होतो. त्याचे निदान पक्के होते ते मेंदूच्या ऊतींच्या तपासणीने, आणि आपल्याकडे मृत्यूनंतर अशी तपासणी क्वचितच होते. पुन्हा असा आळ आला, तर उत्तर देण्यासाठी लागतील त्या याच नोंदी.