मात्रांचा हिशेब

गणित आणि काव्य ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवली, की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. आम्हीही त्याच समजुतीत वाढलो. गणिताच्या तासाला वहीखाली धरलेले कवितेचे पुस्तक मास्तरांनी काढून घेतले, आणि पुढच्याच तासाला शास्त्रीबुवांनी फळ्यावर लघुगुरूंच्या खुणा मांडून अक्षरे मोजायला लावली. या दोन तासांत काही सोयरिक असेल, अशी शंकाही तेव्हा आम्हांला शिवली नाही. सोयरिक आहे, आणि तिचा एक धागा आपल्या नागपूरच्या उंबरठ्यावरून गेलेला आहे.

रामटेकपासून आरंभ करू. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपले रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुराव्यानिशी मांडले, हे नागपूरकरांना सांगावयास नको. कालिदासाने त्या काव्याला मंदाक्रांता वृत्त घेतले. त्याच्या चरणात सतरा अक्षरे. प्रत्येक अक्षर लघु असेल किंवा गुरू असेल. म्हणजे एक अक्षर वाढले की शक्य मांडण्या दुप्पट होतात. सतरा अक्षरांच्या अशा मांडण्या होतात १,३१,०७२. त्यांतली एक मंदाक्रांता!

हा दुपटीचा हिशेब पिंगलाच्या छंदःसूत्रांत, म्हणजे ख्रिस्ती शकाच्याही आधी, आलेला आहे. सर्व मांडण्या क्रमाने लिहून काढण्याच्या रीतीला प्रस्तार म्हणतात. आपण शाळेत घोकलेले 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र याच घराण्यातले. त्यातली कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे उचला, एक गण मिळतो. आणि दहा अक्षरांत आठही गण एकेकदाच येतात, एकही दोनदा येत नाही. अशा मांडणीचे व्यापक गणित द ब्राउन या डच पंडिताने १९४६ साली प्रसिद्ध केले. भास्कराचार्यांनीही लीलावतीत हेच उदाहरण घातले आहे. गायत्रीच्या सहा अक्षरी चरणात एक गुरू असलेले प्रकार किती, दोन असलेले किती, असे ते विचारतात. उत्तरे ६, १५, २०, १५, ६, १. त्यांत सर्व लघूंचा एक मिळवला की ६४. आणि चोवीस अक्षरांच्या पुऱ्या गायत्रीचे प्रकार त्यांनी दिले आहेत १,६७,७७,२१६.

पण हा हिशेब अक्षरांचा झाला. तालावर चालणारे गाणे अक्षरे मोजीत नाही, वेळ मोजते. (आपल्या ओव्या-अभंगांची गोष्ट निराळी, तेथे अक्षर लांबवून सारख्या वजनाचे करतात.) लघूला एक मात्रा, गुरूला दोन. आता चरणात अक्षरे किती हे ठरलेले नाही, मात्रा ठरलेल्या. येथे पिंगलाची दुप्पट चालेनाशी होते.

आणि नेमके हे मात्रांचे काव्य आपल्या जिल्ह्यात बहरले होते. रामटेकच्या पायथ्याजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. चंद्रगुप्त विक्रमादित्याची कन्या प्रभावतीगुप्ता या घराण्यात दिली होती. रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट रामगिरिस्वामीच्या पायांशी बसून दिलेला आहे. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन हा पाचव्या शतकातला राजा सेतुबंध या महाकाव्याचा कर्ता मानला जातो. हे काव्य संस्कृतात नाही. ते आपल्या मराठीची पूर्वज जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्यात आहे, आणि मुख्यतः स्कंधक या मात्रावृत्तात आहे. स्कंधकाच्या प्रत्येक अर्ध्यात बत्तीस मात्रा, चार-चारांचे आठ गट. चार मात्रांचा गट किती तऱ्हांनी भरता येतो? दोन गुरू, गुरू आधी, मध्ये किंवा शेवटी ठेवून दोन लघू, आणि चारही लघू. तऱ्हा पाच. कोणत्या जागी कोणती तऱ्हा वर्ज्य, याचे नियम वेगळे. पण कवीच्या हाताशी भांडवल एवढेच.

पाच मात्रांच्या तऱ्हा आठ होतात, सहांच्या तेरा. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ अशी ही माळ. कोणताही आकडा त्याच्या मागच्या दोहोंची बेरीज आहे. कारण सोपे आहे. चरणाचे शेवटचे अक्षर पाहावे. ते लघु असेल तर त्याआधी एक मात्रा कमी उरते. गुरू असेल तर दोन कमी. दोन्हींकडच्या तऱ्हा मिळवल्या की झाले. ही रीत स्वच्छ शब्दांत सांगितलेली सापडते ती विरहांकाच्या वृत्तजातिसमुच्चयात. तो सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यानचा, आणि त्याचा ग्रंथही बहुतांशी प्राकृतातच आहे. मुंबईच्या ह. दा. वेलणकरांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १९६२ साली निघाली. पुढे ११५०च्या सुमारास हेमचंद्रानेही तीच रीत दिली. पिसाच्या लिओनार्दोने सशांच्या जोड्यांचे कोडे घालून हीच माळ मांडली ती १२०२ मध्ये; आणि एकोणिसाव्या शतकात लुकास या फ्रेंच गणित्याने तिला त्याचे, म्हणजे फिबोनाचीचे, नाव दिले.

आता येथे छाती फुगवण्याचा मोह होतो. आमच्या मते बढाई मारायचीच तर योग्य जागी मारावी. प्रवरसेनाला ही माळ ठाऊक होती असे म्हणण्यास आधार नाही, आणि आकडे आपल्याकडे आधी निघाले एवढ्याने कोणी मोठा होत नाही. लक्षात घ्यावयाचे ते वेगळेच. संस्कृत नाटकांत राजाने संस्कृत बोलायचे आणि दासीने प्राकृत, अशी ज्या भाषेची पायरी, तिच्या गाण्यांचा हिशेब जुन्या सूत्रात बसेना म्हणून नवे गणित शोधावे लागले. विरहांकाला ससे मोजायचे नव्हते. त्याला चरण मोजायचे होते.

मराठीतही हा हिशेब जिवंत आहे. सोळा मात्रांचे पादाकुलक घ्या. सोळा मात्रा १,५९७ तऱ्हांनी भरतात. पण आठ मात्रांवर चरण श्वास घेतो असे धरले, तर तेथे गुरू आडवा येता कामा नये. मग तऱ्हा उरतात ३४ गुणिले ३४, म्हणजे १,१५६. बाकीच्या ४४१, म्हणजे बरोबर २१ गुणिले २१. कानाला जे खटकते त्याचा आकडाही एवढा नेटका निघावा, याची आम्हांला आजही मौज वाटते. माधव जूलियनांनी छंदोरचनेत मराठी वृत्ते आणि जाती किती बारकाईने लावून दिल्या, हे अशा वेळी कळते.

नागपुरात तर या हिशेबाचे दोन्ही पक्ष नांदले. कवी अनिलांनी मात्रांची बेडी झुगारून मुक्तछंद आणला, १९४० साली भग्नमूर्ती लिहिली. आणि उतारवयात स्वतःच दहा ओळींची दशपदी घडवून मोजणीकडे परतले. त्या संग्रहाला १९७७ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सुरेश भट अमरावतीचे, पण २००३ साली देह ठेवला तो नागपुरात. गझलेची बाराखडी लिहून त्यांनी नवशिक्यांना आधी वृत्त शिकवले. मतल्यात जे वृत्त धरले ते शेवटच्या शेरापर्यंत सोडायचे नाही, हा गझलेचा कायदा. रेशीमबागेतल्या त्यांच्या नावाच्या सभागृहात गझल ऐकताना शेजारचा रसिक मांडीवर बोटांनी ठेका धरतो, तेव्हा तो मात्राच मोजीत असतो.