अपोहन-परिचर्या

दोन्ही वृक्के (मूत्रपिंडे) निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त शरीराबाहेर काढून, अर्धपार्य पटलाच्या साहाय्याने शुद्ध करून पुन्हा शरीरात सोडण्याच्या क्रियेस रक्त-अपोहन म्हणतात. ‘डायालिसिस’ या नावाने ती सर्वपरिचित आहे. रक्त काढण्यासाठी व परत सोडण्यासाठी शरीरावर जी कायम सोय करावी लागते, तिला रक्तवाहिनीमार्ग म्हणतात. या मार्गाची निगा राखणे आणि ती कशी राखावी हे रुग्णास शिकविणे, हे अपोहन-परिचर्येचे प्रमुख अंग होय. यंत्र बिघडल्यास दुसरे आणता येते. परंतु शरीरावर मार्ग करता येण्याजोग्या जागा मोजक्याच असतात व एक निकामी झाली की तेवढे आयुष्य आखडते.

इतिहास : पटलातून होणाऱ्या विसरणाचा अभ्यास करून टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८६१ मध्ये अपोहनाचे तत्त्व मांडले. जॉन जेकब एबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१३ मध्ये बॉल्टिमोर येथे कुत्र्यांवर त्याचा प्रयोग केला. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांपासून मिळविलेले हिरुडीन वापरले होते. मानवावर पहिला प्रयोग गेओर्क हास यांनी १९२४ मध्ये जर्मनीतील गीसेन येथे केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेदर्लंड्समधील कांपेन येथे विलेम कोल्फ यांनी फिरत्या पिंपाचे कृत्रिम वृक्क बनविले. १९४५ मध्ये त्याच्या साहाय्याने एक रुग्ण प्रथमच वाचली.

कोल्फ यांचे यंत्र रक्त शुद्ध करीत असले, तरी प्रत्येक वेळी नवी रोहिणी व नवी नीला उघडावी लागे आणि थोड्याच दिवसांत वापरण्याजोग्या वाहिन्या संपत. त्यामुळे काही आठवड्यांत वृक्के पुन्हा कार्यक्षम होण्याची आशा असलेल्या रुग्णांपुरताच हा उपचार मर्यादित राहिला. ही कोंडी १९६० मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे फुटली. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी वेन क्विंटन यांच्या साहाय्याने टेफ्लॉनची नळी मनगटाजवळील रोहिणी व नीला यांत कायम बसविली. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर सुमारे ११ वर्षे जगला. मात्र नळी त्वचेबाहेर असल्यामुळे ती निसटणे, तीत रक्त गोठणे व जंतुसंसर्ग होणे हे धोके नेहमीचे होते. साहजिकच नळीची स्वच्छता कशी ठेवावी, हे रुग्णास व त्याच्या घरच्यांस शिकविण्याची गरज तेव्हापासूनच निर्माण झाली.

न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स येथील मायकेल ब्रेशिया, जेम्स सिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धती अधिक टिकाऊ ठरली. तीत मनगटाजवळ रोहिणी व नीला त्वचेखालीच एकमेकींस जोडतात. या जोडास रोहिणी-नीला नालव्रण (बोलीभाषेत ‘फिस्टुला’) म्हणतात. रोहिणीतील दाबाचे रक्त नीलेत शिरल्यामुळे ती काही आठवड्यांत रुंद व जाड भित्तीची होते आणि तीत वारंवार सुया टोचता येतात. ज्यांच्या वाहिन्या बारीक असतात, त्यांना कृत्रिम नलिका किंवा मानेतील नीलेत बसविलेली नळी (कॅथेटर) वापरावी लागते. कॅथेटरमध्ये जंतुसंसर्गाचा धोका सर्वांत अधिक असतो.

भारत व महाराष्ट्र : भारतात रक्त-अपोहनाचा प्रारंभ १९६० च्या दशकाच्या आरंभी वेल्लोर येथे झाला. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयातील वृक्कविज्ञान विभागाचे नेतृत्व डॉ. विद्या आचार्य या भारतातील पहिल्या महिला वृक्कविकारतज्ञांनी केले. हा उपचार दीर्घकाळ महानगरांपुरता व खर्च पेलू शकणाऱ्यांपुरता राहिला. राज्य शासनाने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू केलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. तीत रक्त-अपोहनाचा समावेश आहे. केंद्र शासनाचा राष्ट्रीय अपोहन कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. केंद्रे वाढली, तसा उपचार घराजवळ आला. रक्तवाहिनीमार्गाच्या शिक्षणाची जबाबदारीही मोठ्या रुग्णालयांकडून लहान केंद्रांतील परिचारिकांकडे आली.

वसई-विरार : वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या नगरपरिषदा आणि लगतची गावे मिळून २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. ठाणे जिल्ह्याचा हा भाग २०१४ मध्ये नव्या पालघर जिल्ह्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. विरारपासून चर्चगेट सुमारे ६० किमी. आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालणाऱ्या उपचारासाठी मुंबईस लोकलने जाणे, हे येथील रुग्णांचे दीर्घकाळचे प्राक्तन होते. आता शहरातच अपोहन केंद्रे आहेत. तथापि नालव्रणास जपायचे ते याच परिसरातील जीवनक्रमात.

सर्वसाधारण सूचना स्थानिक व्यवहारात उतरविणे हेच येथे परिचारिकेचे कौशल्य ठरते. ‘हातावर दाब येऊ देऊ नका’ एवढे सांगणे पुरत नाही. जड पिशवी त्या हातास अडकवू नये, गर्दीच्या डब्यात तो हात दांडी व माणसे यांच्यामध्ये दाबला जाऊ देऊ नये, घट्ट बांगड्या वा दंडावरील ताईत काढून ठेवावा, तो हात उशाशी घेऊन झोपू नये, असे फोडून सांगावे लागते. अर्नाळा व पाचूबंदर यांसारख्या कोळीवस्त्यांत सुके मासे हे नित्याचे अन्न आहे. खारवलेल्या मासळीतील मिठाने तहान वाढते. प्यालेले पाणी पुढील अपोहनात एकदम काढावे लागते, रक्तदाब उतरतो व नालव्रणात रक्त गोठण्याचा संभव वाढतो. आहार व नालव्रण यांचा हा संबंध रुग्णाच्या सहसा लक्षात येत नाही. मराठीबरोबरच वाडवळी, सामवेदी, हिंदी व गुजराती भाषिकांचीही येथे वस्ती असल्यामुळे समजावणी रुग्णाच्या घरच्या बोलीत झाल्यास अधिक परिणामकारक होते.

शिक्षणाचा आशय : वृक्कविकाराचे निदान होताच, अपोहनाची वेळ येण्यापूर्वीच, ज्या हातावर नालव्रण करावयाचा त्या हाताच्या नीला राखून ठेवाव्यात, त्यांतून रक्त काढू नये व सलाईन लावू नये. शस्त्रक्रियेनंतर जखम भरली की चेंडू दाबण्याचा व्यायाम सांगतात. रोज सकाळी नालव्रणावर बोटे ठेवून थरथर जाणवते का, हे पाहावयास रुग्णास शिकवितात. थरथर थांबल्यास पुढील पाळीची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. गोठलेला नालव्रण पुन्हा चालू करण्याची शक्यता प्रत्येक तासागणिक घटते. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, टोचण्यापूर्वी हात साबणाने धुवावा, टोचण्याच्या जागा बदलत राहाव्यात आणि लाली, सूज, पू वा ताप आल्यास लगेच कळवावे. रक्तस्राव झाल्यास जागेवर बोटांनी घट्ट दाब देऊन हात उंच धरावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कॅथेटर असल्यास ती जागा कोरडी ठेवावी व त्याची टोपणे केंद्राबाहेर कोणासही उघडू देऊ नयेत.

आठवड्यातून तीन वेळा अपोहन घेणाऱ्या रुग्णास वर्षाला तीनशेहून अधिक सुया टोचल्या जातात. प्रत्येक पाळीच्या वेळी त्याचा हात तपासण्याची संधी परिचारिकेस मिळते. शस्त्रवैद्यास तो क्वचितच दिसतो. शिक्षणाचे नेतृत्व परिचारिकेकडे येण्याचे कारण हेच होय.

मर्यादा : भारतात अनेक रुग्णांचे निदान उशिरा होते व अपोहनाचा आरंभ कॅथेटरनेच करावा लागतो, अशा वेळी नीला राखण्याचा उपदेश उशिराच पोहोचतो. अनेक केंद्रांत यंत्रांचे काम तंत्रज्ञ पाहतात, एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण असतात व शिकविण्यासाठी वेगळा वेळ राखलेला नसतो. परिचर्या महाविद्यालयांतून झालेल्या अभ्यासांत योजनाबद्ध शिकवणीने रुग्णांचे ज्ञान व निगा राखण्याच्या सवयी सुधारल्याचे आढळते. मात्र हे अभ्यास बहुधा थोड्या रुग्णांवर व अल्पकाळ केलेले असतात. एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावे लागते व रुग्णाकडून करवून घ्यावे लागते, हा मात्र सर्वत्र येणारा अनुभव आहे. अपोहनाचे चार तास रुग्ण केंद्रात खिळलेला असतो. त्यांतील काही मिनिटे या कामी राखून ठेवणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय.