नव्याने बांधलेल्या इंजिनाचे पहिले पाचशे मैल

मनुष्याने घडविलेले कोणतेही यंत्र पहिल्या दिवशी पुरते तयार नसते. धातूचे दोन भाग कितीही कसोशीने घासले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पृष्ठभागावर डोंगर आणि दऱ्याच दिसतात. ते एकमेकांवर फिरू लागले म्हणजे ही शिखरे हळूहळू झिजतात आणि मग त्या दोहोंचे जुळते. या जुळण्याच्या काळाला मोटारीच्या व्यवसायात ‘रनिंग-इन’ असे नाव आहे. पुणे-बंगळूर हमरस्त्यावरील निपाणी-बेळगाव टापूत या शब्दाला एके काळी जे महत्त्व होते, ते आज नवी गाडी घेणाऱ्याच्या ध्यानात येणे कठीण आहे.

या टापूची यंत्रांशी ओळख जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंसह १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे तेथेच त्यांनी लोखंडी नांगर घडविला. परंतु लोखंडाच्या फाळाने जमीन नासेल अशा समजुतीमुळे पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. १९१० साली त्यांचा कारखाना बेळगाव सोडून आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. यंत्र आणि माणूस यांचेही जुळावे लागते, हा धडा मात्र या नगरीने फार आधी घेतला होता.

मोटारीच्या बाबतीत तो धडा स्वातंत्र्यानंतर अधिक निकडीचा झाला. १९४९ साली सरकारने पूर्ण बांधलेल्या मोटारींची आयात बंद केली. १९५३ च्या धोरणानंतर देशात उत्पादन करण्यास तयार नसलेल्या परदेशी कंपन्यांनी येथील जुळणीचे कारखाने आवरते घेतले. १९५४ पासून जमशेदपुरात टाटा-मर्सिडीझ ट्रक तयार होऊ लागले. तरीही नव्या गाडीसाठी दीर्घ काळ थांबावे लागे. म्हणून जुने इंजिन झिजले, धूर ओकू लागले, की ते पुन्हा बांधणे हाच बहुतेकांचा मार्ग होता. निपाणी ही तंबाखूची पेठ. हंगामात ट्रक उभा राहिला, तर मालकाचे वर्षाचे गणित चुकणार. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि कागल व निपाणी यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. त्या सीमेचे दुःख येथील मराठी माणसाने सोसले. पण इंजिनाचे दुखणे दोन्ही बाजूंना सारखेच राहिले.

इंजिन बांधावयाचे म्हणजे काय करावयाचे? झिजून लांबट गोल झालेले सिलिंडर ‘बोअर’ करून पुन्हा वाटोळे करावयाचे आणि त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन घालावयाचे. ही मापे इंचाच्या हजाराव्या भागांत. वीस, तीस, चाळीस अशी चढत जातात. पुढे भिंत पातळ झाली की लायनर बसवावा लागतो. क्रँकशाफ्टही घासून सारखा करावा लागतो. जुन्या गाड्यांत त्याच्या बेअरिंगला पांढरा धातू ओतलेला असे. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ साली पेटंट घेतलेल्या मिश्रधातूचाच हा वंशज. मिस्त्री शाफ्टला निळा रंग लावून तो बेअरिंगमध्ये फिरवी आणि जेथे रंग उठे, तेवढाच उंचवटा हाताने खरवडी. तेव्हा अखेरचा मिलाफ रस्त्यावरच व्हावयाचा, यात नवल नव्हते.

त्यासाठी पहिल्या पाचशे मैलांचे पथ्य असे. वेग माफक ठेवावा, भार थोडा घ्यावा, एकाच गतीने फार वेळ जाऊ नये. आणि झिजलेल्या धातूचा कीस वाहून आणणारे पहिले तेल लवकर बदलावे. ब्रिटनमध्ये अशा गाडीच्या मागे ‘रनिंग-इन चालू आहे, कृपया पुढे जावे’ अशा अर्थाची पाटी लावीत. पण पथ्याचा अर्थ लाड असा घेतला, की तेथेच घात होई.

याचे कारण पिस्टनच्या रिंगेत आहे. १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज रेल्वे-अभियंत्याने चिरलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटणारी रिंग प्रचारात आणली. मोटारीच्या इंजिनात या ताणाच्या जोडीला जळत्या वायूचा दाब येतो. तो रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. इंजिनावर भारच पडला नाही, तर हा रेटा अपुरा पडतो. शिखरे झिजत नाहीत. उलट तेल भाजून भिंतीवर काचेसारखा गुळगुळीत थर बसतो. मग रिंगा कधीच नीट बसत नाहीत आणि इंजिन जन्मभर तेल पीत राहते. डिझेलच्या इंजिनात हा धोका अधिक. उलट पहिल्याच फेरीत पूर्ण माल भरला, तर पिस्टन तापून जाम होतो. दोष दिसू लागला, की चालक मिस्त्रीकडे बोट दाखवी आणि मिस्त्री चालकाकडे. भुर्दंड मात्र मालकाला पडे.

निपाणीच्या दक्षिणेचा तवंदी घाट या दृष्टीने चांगला गुरू म्हणावा लागेल. हलक्या भाराने, वेळीच खालचा गिअर टाकून चढल्यास रिंगांवर योग्य तेवढा दाब येतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हत ओढावयास लावले, तर बेअरिंगा मार खातात. पेट्रोलची गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की निर्वातामुळे थोडे तेल वर खेचले जाते आणि भिंती धुऊन निघतात. चढाचे काम आणि उताराची विश्रांती, यांतून इंजिन तयार होते.

आज बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घडतात आणि ते मायक्रॉनच्या मापाने पारखले जातात. होनिंगने सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरप्या रेघा मुद्दाम ठेवल्या जातात, त्या तेल धरून ठेवण्यासाठी. त्यामुळे पथ्याचा काळ पुष्कळ आखूड झाला आहे. पण तो संपलेला नाही. नव्या बांधलेल्या इंजिनाला आरंभी विश्रांतीही मानवत नाही आणि पूर्ण ओझेही पेलत नाही. त्याला लागते ते बेताचे आणि रोज थोडे वाढत जाणारे काम. हे ज्याने ओळखले, त्याच्या ट्रकने पुढचे कित्येक हंगाम तवंदीचा घाट बिनबोभाट ओलांडला.